बॉक्सिंगचा दम वेगळा, एमएमएचा दम वेगळा

बॉक्सिंगची रिंग आणि एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र) मॅट एकाच छपराखाली असले की पोरं दोन्हीकडे एकच सराव करतात. मग हौशी बॉक्सिंग स्पर्धेत खांदे थकून खाली येतात, नाहीतर एमएमएच्या पिंजऱ्यात मनगटं ढिली पडतात.

हौशी बॉक्सिंगमध्ये 3 मिनिटांचे 3 राउंड असतात, मध्ये 1 मिनिट विश्रांती. व्यावसायिक एमएमएत बहुतेक लढती 5 मिनिटांच्या 3 राउंडच्या, किताबाची 5 राउंडची. पण खरा फरक घड्याळात नाही. बॉक्सर सतत पायांवर हलता असतो, त्यामुळे आधी पोटऱ्या आणि खांदे थकतात. एमएमएत समोरच्याला धरून, दाबून ठेवावं लागतं. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, हात कोपरापासून मनगटापर्यंत भरून दगड होतात. रोज 8 किमी पळणाऱ्याचीही पकड मॅटवर दुसऱ्याच मिनिटाला सुटते ती यामुळे.

बॉक्सिंगसाठी आठवड्यातून 3 दिवस 5–6 किमी धावा, बोलता येईल इतक्याच वेगाने. वडोदऱ्यात असाल तर कमाटीबागेत सकाळी 6 च्या आत आटोपा. मे महिन्यात नंतरचं ऊन दम वाढवत नाही, मोडतं. एक दिवस 200 मीटरच्या 6 जोरदार धावा, प्रत्येकीनंतर दीड-दोन मिनिटं चाला. दोरीवरच्या उड्या 3 मिनिटांच्या 4 फेऱ्या, टाच जमिनीला न लावता. बॅगवर 3 मिनिटांचे 6 राउंड, शेवटची 30 सेकंद न थांबता सरळ ठोसे. या 30 सेकंदांत हनुवटी वर येते आणि ठोसा मारून हात कंबरेपाशी परततो. तसं दिसलं तर वेग कमी करा, हात गालापाशीच आणा.

एमएमएसाठी धावणं निम्मं करा आणि ही 5 मिनिटांची फेरी 3 वेळा घ्या, मध्ये 1 मिनिट. पहिलं मिनिट हवेत ठोसे, दर 10 सेकंदांनी एक स्प्रॉल: पाय मागे फेका, कंबर खाली दाबा, लगेच उठा. दुसरं मिनिट जोडीदाराला भिंतीला दाबा, काखेखालून हात घालण्याची चढाओढ. तिसऱ्यात बॅग आडवी टाकून तिच्यावर बसून ठोसे. चौथ्यात खालून सुटून उभं राहणं, पाचव्यात जोडीदाराने धरलेल्या पॅडवर ठोसे. भिंतीपाशी दोन चुका हमखास होतात. श्वास रोखला जातो. दर धक्क्याला तोंडाने सोडा. आणि डोकं खाली जातं, मग मान समोरच्याच्या काखेत सापडते. कपाळ त्याच्या हनुवटीखाली टेकवा, जोर पायांतून द्या, पाठ वाकवून नको.

पकडीसाठी महागडी यंत्रं नकोत. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांच्या या शहरात दोरीचा मल्लखांब अजून आहे. दोरी धरून 20 सेकंद लटका, 5 वेळा. तळहात सोलवटला तर तिथेच थांबा. जोर आणि बैठका दोघांनाही उपयोगी, मात्र स्पॅरिंगच्या (जोडीदाराशी सरावाच्या लढतीच्या) आदल्या दिवशी शंभर बैठका मारल्या तर पाय उचलणार नाहीत.

दोन्ही खेळ करायचे असतील तर स्पॅरिंग आठवड्यातून एकूण 2 दिवस, वेगवेगळ्या खेळांचं, मध्ये किमान 48 तास. बॉक्सिंगला 16 औंसचे ग्लव्ह्ज वापरा, एमएमएला 7 औंसचे; 4 औंसचे लढतीसाठी ठेवा. ठोशानंतर डोकं दुखलं, गरगरलं की त्या दिवशीचा सराव संपला, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा स्पॅरिंग नाही.

सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. 60 किलोच्या माणसाचं 1.2 किलोहून जास्त उतरलं तर पाणी कमी पडलंय. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, चिमूटभर मीठ आणि लिंबू घालून, पुढच्या काही तासांत थोडं थोडं प्या. शेव-उसळ सरावानंतर, आधी खाल्लीत तर तिखट तरी पहिल्याच स्प्रॉलला घशाशी येईल.