स्वीडनला मास्टर्सला येताय? थीसिसचे आकडे आधी हातात घ्या

इकोसिस्टिम गव्हर्नन्स, सस्टेनेबल बिझनेस असं काही शिकायला दरवर्षी आपली मुलं-मुली इथे येतात आणि माझीच चूक पुन्हा करतात. म्हणून लिहितेय.

राहण्याचा परवाना, पर्सननुम्मर (इथला ओळख क्रमांक), बँक ही कामं मार्गी लागतात. घर मात्र प्रवेश मिळाला त्याच दिवसापासून शोधा.

इथे बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच कोर्स असतो. पाच आठवडे, ७.५ क्रेडिट, की पुढचा सुरू. शेवटी रात्री जागून भागत नाही. सेमिनारला वाचूनच जा, आणि तिथे गप्प बसू नका. उदाहरणच घ्या: सामाईक कुरण उजाड होणारच, असं अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं. लोक आपसात नियम करून ते राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत शेतकरी पाण्याच्या पाळ्या स्वतः ठरवत आले. ते वर्गात सांगा. आपली मंडळी हे सांगायला लाजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता थीसिस. नोव्हेंबरमध्ये एका कंपनीच्या बाईंनी कॉफी पिताना मला सांगितलं, "छान विषय आहे, आकडे देऊ." त्या शब्दावर मी सगळी मांडणी केली. मार्चमध्ये त्यांच्या वकिलांची दोन ओळींची ईमेल आली: माहिती गोपनीय आहे. माझं अख्खं सेमिस्टर गेलं, परवाना वाढवायचा खर्च वेगळाच. इथली माणसं सरळ आहेत, पण "छान विषय" म्हणजे होकार नव्हे. कोणते आकडे, कोणत्या वर्षांचे, कधीपर्यंत, आणि त्यातलं काय छापता येईल, हे लेखी घ्या. लेखी नसेल तर विषय बदला. लेखीच घ्या.

मला तारलं ते इथल्या कायद्यानं. सरकारी कागद कुणालाही मागता येतो, हा हक्क इथे १७६६ पासून आहे. पर्यावरण परवाना लागणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी 'मिल्योरापोर्ट' म्हणजे पर्यावरण अहवाल द्यावा लागतो. गोपनीय भाग झाकून बाकीचा मिळतो. कंपनीने नाकारलेले सांडपाण्याचे बरेचसे आकडे मला तिथेच सापडले. कम्यून (नगरपालिका) किंवा लेनस्टिरेल्सनच्या (प्रांताच्या प्रशासनाच्या) 'रेजिस्ट्रातोर'ला, म्हणजे कागदपत्रांची नोंद ठेवणाऱ्याला, ईमेल करा, कारखान्याचं नाव आणि वर्ष लिहा. कशाला हवं, हे सहसा विचारत नाहीत. पहिल्याच हिवाळ्यात एक अहवाल मागवून बघा.