कांदा बीजोत्पादन: गोंडे फुलले, पण मधमाशी का फिरकत नाही?

माघ उतरणीला लागला की बुलडाणा, वाशिम, अकोला पट्ट्यातली कांदा बियाण्याची वावरं पांढरी दिसू लागतात. गोंडे (फुलांचे गोळे) भरगच्च असतात, धुऱ्यावर मधपेट्याही ठेवलेल्या असतात. तरी सकाळी दहाला ओळीत उभं राहिलं, तर वीस-पंचवीस गोंड्यांमागे एखादीच माशी दिसते. मग कोणीतरी सुचवतं, गुळाचं पाणी फवारा. पंप खांद्याला लावण्याआधी माशीच्या जिभेचा हिशेब समजून घ्या.

कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो. त्याच फुलाची कुक्षी (पराग घेणारं टोक) त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तयार होते, तोवर त्याचा स्वतःचा पराग संपलेला असतो. म्हणजे दुसऱ्या फुलावरून पराग यावा लागतो, आणि हा पराग वाऱ्याच्या भरवशावर सोडण्यासारखा नाही. माशी कमी फिरली की गोंडा वरून भरलेला दिसतो, पण मळणीला पोचट बोंडं निघतात.

माशी नाराज का, तर कांद्याचा मकरंद उघड्यावर असतो. आतल्या पुंकेसरांच्या बुडाशी चमकणारे ते बारीक थेंब दुपारच्या कोरड्या उन्हात आटून घट्ट होतात आणि शोषायला जड जातात. त्यात पोटॅशियमचं प्रमाण इतर फुलांपेक्षा बरंच जास्त असतं, ती चव माशीला आवडत नाही. शेजारी धने किंवा मोहरी फुलात असेल, किंवा संत्र्याचा अंबिया बहार असेल, तर ती कांदा सोडून तिकडे जाते. म्हणून धुऱ्यावर ‘माशी ओढायला’ धने पेरण्याचा सल्ला आम्हाला पटत नाही. धने कांद्याच्या आधी फुलून संपत असतील तर ठीक. दोन्ही एकाच वेळी फुलले तर माशी धन्यावरच थांबते.

गोडीची पारख सगळ्या माश्यांची सारखी नसते. माशीच्या मिशीला साखरपाण्याचा थेंब लावला की, तिला ते गोड वाटलं तर जीभ बाहेर येते. नाही वाटलं तर येत नाही. एकाच पेटीतल्या माश्यांवर वाढत्या गोडीचे थेंब लावून अमेरिकेत रॉबर्ट पेज आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की पराग आणणाऱ्या माश्या अगदी पातळ साखरपाण्यालाही जीभ काढतात, तर मकरंद आणणाऱ्यांना जास्त गोडी लागते. नुसतं पाणी आणणाऱ्या तर परागवाल्यांपेक्षाही हळव्या असतात. आपल्या कामाची गोष्ट ही, की मकरंदवाली माशी चोखंदळ असते, चांगला माल दिसला की ती कांदा सोडते. परागवालीला कांद्याच्या मकरंदाशी फारसं घेणं नसतं, ती गोंड्यावर टिकते. तेव्हा पेटीत परागवाल्या वाढवायच्या.

त्यासाठी साखरेचा पाक पेटीच्या आत द्यायचा, फुलावर नाही. आत पाक आला की घरकामाच्या माश्या तो उतरवून घेण्यात गुंततात, बाहेरून मकरंद आणणारीला खाली करायला कोणी लवकर मिळत नाही, आणि बऱ्याच माश्या परागाकडे वळतात. न्यूझीलंडच्या किवी बागांत ही रीत रुळलेली आहे. किवीच्या फुलात मकरंद नसतोच, तरी पाक देऊन माश्यांकडून परागाचं काम करून घेतात. गूळपाणी फवारलं तर उलटं होतं: माशी पानावर, दांड्यावर बसून गोड चाटते, कुक्षीला न शिवता पोट भरून परत जाते. वर मुंग्या आणि बुरशी येते ती वेगळी.

पाक असा करा. एक लिटर पाणी उकळून विस्तवावरून खाली उतरवा, मग त्यात एक किलो पांढरी साखर घालून विरघळेपर्यंत ढवळा. साधारण १.६ लिटर पाक होतो, ५० टक्क्यांचा. साखर टाकून पुन्हा उकळी काढू नका. करपलेल्या साखरेने माश्यांना त्रास होतो. गूळ, काकवी, लाल साखर अजिबात नको. त्यातल्या क्षारांनी माश्यांना हगवण लागते. बाजारचा मधही नको, त्यातून पिलाव्याचे (अंडी-अळ्यांचे) रोग येतात. संत्र्यासाठी घेतलेला ब्रिक्स मीटर (गोडी मोजायचं यंत्र) बहुधा ० ते ३२ चाच असतो, त्यावर हा पाक थेट मोजता येत नाही. थोड्या पाकात वजनाने तेवढंच पाणी मिसळून मोजा, २५ च्या आसपास आलं म्हणजे बरोबर.

मेलिफेराच्या (परदेशी पाळीव जातीच्या) आठ-दहा फ्रेमच्या (पोळ्याच्या चौकटींच्या) पेटीला रोज अर्धा ते एक लिटर, सातेरीला (देशी जातीला) पाव लिटर पुरतो. पाक फ्रेमच्या जागी बसणाऱ्या खाद्यपात्रात द्या. वर सुक्या काड्या तरंगत ठेवा, नाहीतर माश्या बुडतात. वेळ सकाळी सात-आठची, कारण नऊनंतर ऊन चढलं की पराग सुटू लागतो. एरवी लूट (दुसऱ्या पेटीच्या माश्यांनी माल पळवणं) टाळायला पाक संध्याकाळी देतात. इथे सकाळी देतोय, म्हणून दाराची फट दोन बोटांएवढीच ठेवा आणि पेटीबाहेर एक थेंबही सांडू देऊ नका. पाक देत असताना मधाचा मजला (पेटीचा वरचा कप्पा) काढून ठेवा. त्या दिवसांत साठलेला माल साखरेचा असतो, तो मध म्हणून विकायचा नाही.

पेटीत राणी अंडी घालत नसेल आणि उघडा पिलावा नसेल, तर पाकाचा उपयोग नाही. परागाची भूक अळ्यांमुळे लागते. भाड्याने पेटी घेताना झाकण उघडून किमान चार फ्रेम पिलावा बघून घ्या. नुसती जड पेटी बघून पैसे देऊ नका.

आजूबाजूला फूल किती आहे, हे पाच मिनिटांत कळतं. वजनाने १०, ३० आणि ५० टक्के साखरपाणी करा (१० ग्रॅम साखर, ९० ग्रॅम पाणी, याप्रमाणे). सकाळी अकराच्या सुमारास बाटलीच्या झाकणात प्रत्येकी काही थेंब घेऊन ती पेटीच्या दारासमोरच्या फळीजवळ ठेवा. माश्या १० टक्क्यांवरही तुटून पडल्या तर बाहेर दुष्काळ आहे, लुटीचा धोका मोठा. थेंब लगेच पुसून टाका. ३० कडे ढुंकूनही बघत नसतील, तर आसपास कुठेतरी जोरात फुलोरा आहे आणि तुमचा कांदा त्यात हरतोय. तेव्हा पाक एक दिवसही चुकवू नका.

संकरित बियाण्याच्या प्लॉटला मात्र हा पाक देऊ नका. मादी ओळींत पराग नसतोच, परागवाल्या माश्या नर ओळींवरच फिरतात. नर-मादी दोन्हींवर जाते ती मकरंदवालीच. तिथे पेट्या वाढवा आणि पाणी वेळेवर द्या.

पेट्या एकरी दोन-तीन, दहा टक्के फुलं उमलल्यावरच आणा. आधी आणल्या तर माश्या दुसऱ्या फुलाला जुंपून जातात. जुन्या जागेपासून तीन किलोमीटरच्या आतच हलवल्या तर जाणत्या माश्या परत तिथेच जातात. वाहतूक रात्री, तोंड पूर्वेला, दुपारची सावली, आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत. पन्नास पावलांवर खडे टाकलेलं उथळ पाण्याचं टोपलं ठेवा. फुलोऱ्यात तुषार सिंचन बंद करा, पराग धुऊन जातो. ठिबक किंवा सरीने पाणी द्या. ताण पडला की मकरंद आटतो.

फुलकिड्यांची फवारणी फुलं उमलण्याआधी उरकून घ्या. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाचा अगदी थोडा अंश पोटात गेला तरी माशी मरत नाही, पण चोखंदळ होते: आधी चालणारं पातळ गोड नाकारते आणि पेटीत परतून नाचही कमी करते, म्हणजे इतरांना वाट सांगत नाही. मेलेल्या माश्या दिसत नाहीत म्हणून फवारणी निर्धोक होती असं समजू नका. फुलोऱ्यात फवारणी टळतच नसेल, तर आदल्या दिवशी मधपाळाला कळवा आणि माश्या परतल्यावर, अंधार पडताना करा.