मेंदूच्या दुखापतीनंतर पुन्हा स्टिअरिंगवर बसण्यापूर्वी

डोक्याला मार लागलेला किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस हिंडू-फिरू लागला की घरात गाडीचा विषय निघतो आणि 'आता अगदी ठणठणीत आहे' एवढ्या आधारावर किल्ली त्याच्या हाती दिली जाते. वास्तविक हातापायांची ताकद हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. एकाच वेळी आरसा, सिग्नल आणि मध्येच आडवा येणारा माणूस यांच्याकडे लक्ष ठेवणे, वेगाचा अंदाज बांधणे, आयत्या वेळी बेत बदलणे यांत राहिलेली उणीव वरवर पाहता कळत नाही. पुष्कळदा ती रुग्णालाही जाणवत नाही, कारण स्वतःतील कमतरता ओळखण्याची क्षमताही दुखापतीत बाधित झालेली असू शकते. म्हणून हा निर्णय त्याच्या आत्मविश्वासावर सोपवू नये.

सुरुवात उपचार करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टपासून करावी. दुखापतीनंतर फिट आली होती का, सध्याच्या गोळ्यांनी झोप किंवा गुंगी येते का आणि गाडी चालवण्यास हरकत नाही असे ते लेखी देतील का, हे स्पष्ट विचारावे. नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर समोर स्थिर ठेवून आजूबाजूचे किती दिसते याची, तपासणीही करून घ्यावी. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसालाही एका बाजूचे अर्धे दृश्य दिसत नसू शकते.

याहून फसवा प्रकार म्हणजे डोळ्यांना दिसत असूनही एका बाजूची दखलच न घेणे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर हे डाव्या बाजूच्या बाबतीत अधिक आढळते. घरच्यांनी जेवताना पाहावे: भाजी-आमटी संपते, पण ताटाच्या डाव्या बाजूची चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड तशीच राहते. दुचाक्या डावीकडून घुसतात आणि पादचारीही त्याच कडेने चालतात, अशा आपल्या रस्त्यांवर ही खूण दिसत असेपर्यंत गाडीचा विचारही करू नये.

त्यानंतर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी उपचार देणाऱ्या तज्ज्ञाकडून) लक्ष, स्मरण, प्रतिसादाचा वेग आणि नियोजन यांची तपासणी करून घ्यावी. कागदावरच्या चाचण्या उपयुक्त असल्या तरी त्यांवरून रस्त्यावरचे वर्तन पूर्णपणे कळत नाही. त्यासाठी एक साधा सराव आहे. रुग्णाला चालकाशेजारी बसवून जे दिसते ते मोठ्याने सांगायला लावावे: 'पुढे गतिरोधक, डावीकडे थांबलेली रिक्षा, तिच्याआडून कोणी येईल.' तो फक्त समोरची गाडी सांगत असेल, आडून येणाऱ्याचा अंदाज बांधत नसेल किंवा थोड्याच वेळात थकून गप्प होत असेल, तर अजून वेळ आहे. थकवा हा या दुखापतीचा चिवट परिणाम असून सकाळी नीट जमलेले काम संध्याकाळी बिघडू शकते, त्यामुळे हा सराव वेगवेगळ्या वेळी करावा.

प्रत्यक्ष गाडी हाती देताना प्रशिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असलेली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घ्यावी. जवळच्या नातेवाइकाने शिकवायला बसू नये, कारण तिथे भांडणच अधिक होते. आधी मोकळे मैदान, मग ओळखीचा शांत रस्ता आणि सर्वांत शेवटी गर्दी, रात्र व पाऊस, असा क्रम ठेवावा. गाणी आणि फोन बंद असावेत. डावा हात-पाय अशक्त असल्यास क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी बहुधा सोयीची पडते. उजवा पाय अशक्त असेल, तर डाव्या पायाने चालणारा ॲक्सिलरेटर बसवावा लागतो. असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नये आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

परवान्याची मुदत शिल्लक असली म्हणजे कायद्याची अडचण नाही, असे समजू नये. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 186 नुसार शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अयोग्य असताना सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणे हा गुन्हा आहे. परवान्यासाठी भरावयाच्या नमुना 1 मध्ये अपस्मार (फिट येण्याचा आजार), अचानक शुद्ध हरपणे किंवा चक्कर येणे याविषयी थेट प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते.

'गाडी नको, निदान स्कूटर तरी' ही मागणी हमखास होते. ती मान्य करू नये. दुचाकीवर तोल सांभाळण्याचे काम वाढते आणि पडल्यास आधीच दुखावलेल्या मेंदूला दुसरा मार बसण्याची भीती असते, त्यामुळे तिचा विचार चारचाकीच्या नंतर आणि डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारूनच करावा. तोवर बाजार, बँक, फिजिओथेरपी या फेऱ्यांसाठी रिक्षाची किंवा घरातल्या कोणाची तरी सोय आधीच ठरवून ठेवावी. नाहीतर अडलेल्या कामासाठी 'आजच्या दिवस' म्हणून किल्ली घेतली जाते.