पिग्मी एजंटचं फोनबुक

नोव्हेंबर 2018. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत अँड्रॉइडचं काम करायला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. आमचं एक ॲप पतसंस्थांच्या पिग्मी एजंटांसाठी होतं. एजंट संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरणार, पन्नास-शंभर रुपये घेणार, ॲपमध्ये नोंद करणार आणि खातेदाराला एसएमएस जाणार. नवीन खातेदार जोडताना नंबर टाइप करावा लागू नये म्हणून ॲप फोनबुक वाचायचं. तो कोड ज्याने लिहिला तो कधीच नोकरी सोडून गेला होता. सीनियरचं एकच म्हणणं होतं, "चालतंय ना? मग हात लावू नकोस."

पण हात लावावा लागला. जुन्या ॲपची अपडेट टाकायची असेल तर टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीचे नियम पाळतं तो आकडा) किमान 26 हवं, असा प्ले स्टोअरचा नियम त्याच महिन्यापासून लागू झाला आणि आमचं ॲप 22 वर बसलेलं. मी बिल्ड फाइलमधला आकडा बदलला, माझ्या फोनवर टाकलं, फोनबुक उघडलं, नावं दिसली. अपडेट प्ले स्टोअरवर सोडली.

दुसऱ्या दिवशीपासून क्रॅश यायला लागले. गंमत म्हणजे जुन्या एजंटांची एकही तक्रार नव्हती, फक्त नव्याने रुजू झालेल्यांचं ॲप बंद पडत होतं. ऑफिसातल्या एकाही फोनवर ते घडेना. दोन दिवस आम्ही फोनच्या कंपन्यांना शिव्या घालत बसलो.

कारण असं होतं. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी ॲप चालू असताना मागावी लागते. पण हा नियम टार्गेट 23 किंवा त्यापुढे असेल तरच. टार्गेट 22 असेल तर इन्स्टॉल करतानाच सगळ्या परवानग्या मिळून जायच्या. जुन्या ॲपवर नवं ॲप अपडेट म्हणून चढलं, की आधी मिळालेली परवानगी तशीच राहते. माझ्या फोनवर ॲप आधीपासून होतं. जुन्या एजंटांचंही तेच. कोऱ्या फोनवर मात्र परवानगी नव्हती आणि आमच्या कोडमध्ये ती मागायची ओळच नव्हती. लॉगमध्ये सिक्युरिटी एक्सेप्शन (परवानगी नसल्याची चूक) अगदी ठळक पडलेलं होतं. फक्त तो लॉग ज्याच्याकडून मागवायचा तो एजंट इचलकरंजीत होता.

तेव्हापासून परवानगीशी संबंधित काहीही बदललं की मी ॲप आधी पूर्ण काढून टाकते आणि मग नव्याने टाकते. अपडेट करूनही बघते, कारण ते वेगळं प्रकरण आहे. एडीबीमधून (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) परवानगी काढून घ्यायची कमांड आहे, पीएम रिव्होक. ती पाठ करून ठेवा. सेटिंगमध्ये जाऊन बोटाने बटण दाबत बसण्यापेक्षा बरं.

इथेच एक फरक सांगते, निदान करताना फार उपयोगी पडतो. फोनबुकची यादी मागितल्यावर ॲप कोसळत असेल, तर बहुतेक टार्गेट नवं आहे आणि परवानगी नाही. ॲप कोसळत नाही पण यादी रिकामी येते, असं असेल तर टार्गेट जुनं असून वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढलेली असू शकते. तेव्हा सिस्टिम एक्सेप्शन देत नाही, गुपचूप रिकामा कर्सर, म्हणजे एकही ओळ नसलेलं उत्तर, हातात ठेवते. असा एक फोन माझ्यासमोर आला होता आणि एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) चूक शोधण्यात मी अख्खी दुपार घालवली होती.

परवानगीचं निस्तरलं आणि मग खरं दुखणं वर आलं. "ॲपमध्ये पाटील किराणाचे पैसे भरले, मेसेज भलत्यालाच गेला." आर्थिक ॲपमध्ये असं वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो.

आमच्या डेटाबेसमध्ये खातेदारासमोर कॉन्टॅक्टचा आयडी साठवला होता, आणि मेसेज पाठवताना त्या आयडीवरून नंबर पुन्हा वाचला जायचा. ज्याने लिहिलं त्याच्या डोक्यात अँड्रॉइडचा सर्वांत जुना एपीआय (फोनबुक वाचायची अँड्रॉइडने ठरवून दिलेली पद्धत) असावा. त्यात एक माणूस म्हणजे एक ओळ, असा सरळ हिशोब होता. 2009 मध्ये अँड्रॉइड 2.0 आलं तेव्हा तो एपीआय बाद झाला आणि कॉन्टॅक्ट्सकॉन्ट्रॅक्ट आला. यात तीन मजले आहेत. सगळ्यांत खाली डेटा: प्रत्येक नंबर, प्रत्येक ईमेल, प्रत्येक नाव ही स्वतंत्र ओळ. मधे रॉ कॉन्टॅक्ट: एका खात्यातली एक नोंद, म्हणजे गूगलमधला पाटील वेगळा, फोनमध्ये सेव्ह केलेला पाटील वेगळा, व्हॉट्सॲपने घातलेला पाटील वेगळा. सगळ्यांत वर कॉन्टॅक्ट, म्हणजे हे तिन्ही पाटील एकच असावेत असा सिस्टिमने बांधलेला अंदाज.

हा वरचा मजला तुमच्या मालकीचा नाही. एजंटने नवं गूगल खातं जोडलं, दोन नोंदी एकत्र केल्या किंवा वेगळ्या केल्या, की सिस्टिम अंदाज पुन्हा बांधते आणि आयडी बदलू शकतो. म्हणून तिथे लुकअप की नावाचा स्तंभ दिलेला आहे. आयडी आणि लुकअप की दोन्ही साठवायचे आणि दोन्हींपासून बनवलेल्या यूआरआयने (नोंदीचा पत्ता) माणूस शोधायचा. लुकअप कीसुद्धा अमरपट्टा घेऊन आलेली नाही. कुठल्याच खात्याशी सिंक न होणाऱ्या नोंदीचं नाव बदललं, तर ती बदलते. आम्ही शेवटी सरळ मार्ग धरला. खातेदार जोडतानाच नंबर आमच्याकडे साठवायचा, एजंटकडून एकदा खात्री करून घ्यायची, पुन्हा फोनबुककडे बघायचंच नाही. पैशाच्या व्यवहारात दुसऱ्याच्या तक्त्यातल्या आयडीवर विसंबायचं नसतं, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच कोडमध्ये इंटरनेटवर जिथे तिथे सापडणारा तो प्रसिद्ध लूप होता: सगळे कॉन्टॅक्ट घ्या, प्रत्येकाला नंबर आहे का बघा, असेल तर त्याच्यासाठी पुन्हा क्वेरी मारा, म्हणजे डेटाबेसला पुन्हा विचारा. दोन हजार नावं असलेल्या एजंटचा फोन तेवढा वेळ नुसता गोठायचा. फोन नंबरांच्या यूआरआयवर एकच क्वेरी, हवे तेवढेच स्तंभ, काम बॅकग्राउंडला. एवढ्याने भागतं. एकाच माणसाचा नंबर दोन-तीनदा येईल, कारण वर सांगितलेले तीन पाटील. तो दोष नाही, गाळून घ्या.

आता एक खास आपल्याकडचा किस्सा. काही एजंटांच्या बाबतीत नंबर जुळायचेच नाहीत, आणि त्या सगळ्यांच्या फोनची भाषा मराठी होती. आमचा कोड स्ट्रिंग फॉरमॅटने देशाचा कोड आणि नंबर एकत्र करायचा. लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिलं नाही की ते फंक्शन फोनची भाषा पकडतं आणि मराठीचे ठरलेले अंक देवनागरी आहेत. सर्व्हरला ९८ ने सुरू होणारा नंबर देवनागरीत जात होता. फोनची भाषा हिंदी केली की अंक इंग्रजीच येतात, म्हणून हिंदीत तपासणाऱ्या आमच्या टेस्टरला हे कधी दिसलं नाही. वर कहर असा, की नंबर साफ करायला लावलेला रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) लॅपटॉपवरच्या टेस्टमध्ये देवनागरी अंक काढून टाकायचा आणि फोनवर तेच अंक राहू द्यायचा, कारण अँड्रॉइडचं रेजेक्स इंजिन वेगळं आहे आणि त्याच्या दृष्टीने ९ हासुद्धा अंकच आहे. उपाय: यंत्राने वाचायच्या मजकुराला लोकेल रूट (कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल) द्या, आणि रेजेक्समध्ये शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा. अँड्रॉइड स्टुडिओ लोकेलबद्दल पिवळी सूचना देत होता. त्या फाइलमध्ये अशा पिवळ्या सूचना इतक्या होत्या, की कुणी त्यांच्याकडे बघेनासं झालं होतं.

नव्याने लिहीत असाल तर माझं मत सांगते: फोनबुकची परवानगी मागूच नका. एक नंबर हवा असेल तर सिस्टिमचा पिकर, म्हणजे नाव निवडायची तिची स्वतःची खिडकी, उघडा. वापरणारा जो नंबर निवडेल तेवढाच वाचायची तात्पुरती मुभा मिळते. मात्र खड्डा इथेही आहे. तयार मिळणारा पिक कॉन्टॅक्ट नावाचा कॉन्ट्रॅक्ट (पिकर उघडायचा तयार कोड) आख्ख्या माणसाचा यूआरआय देतो, आणि त्याचा नंबर वाचायला गेलात की पुन्हा परवानगी लागते. त्याऐवजी ॲक्शन पिक इंटेंटला (पिकर उघडायची सिस्टिमला केलेली विनंती) फोन नंबरचा टाइप द्या, म्हणजे नंबरच्या ओळीचा यूआरआय येतो. एका ज्युनियरने हे बघून "पिकरलाही परवानगी लागते" असा निष्कर्ष काढला आणि डिझाइनच बदलायला घेतलं होतं.

आयफोनवर माझा हात कमी बसलेला आहे, तरी दोन गोष्टी माहीत असू द्या. आयओएस 9 मध्ये जुनं ॲड्रेसबुक बाद होऊन कॉन्टॅक्ट्स फ्रेमवर्क आलं. त्यात जो तपशील मागितलाच नाही तो वाचायला गेलात, तर ॲप एक्सेप्शन देऊन पडतं. आणि आयओएस 18 पासून वापरणारा निवडक नावांपुरतीच परवानगी देऊ शकतो. यादीत सातच नावं दिसली तर सिंक बिघडलं असं धरू नका, आधी परवानगीची स्थिती तपासा.

सर्व्हरच्या बाजूने गूगलचे कॉन्टॅक्ट आणत असाल, तर जुन्या कॉन्टॅक्ट्स एपीआयची उदाहरणं दिसताच टॅब बंद करा. जानेवारी 2022 मध्ये तो कायमचा बंद झाला. आता पीपल एपीआय आहे. पर्सन फील्ड्स, म्हणजे कोणते तपशील हवेत ते, दिले नाहीत तर तो 400 (विनंती चुकीची) तोंडावर मारतो, आणि पानाचा आकार सांगितला नाही तर एका वेळी 100 नावं देतो. पुढची पानं आधीच्या पानासोबत आलेलं टोकन (खूण) देऊन आणायची असतात. "माझे शंभरच कॉन्टॅक्ट आले" ही तक्रार आली की मी आता कोडही उघडत नाही.

माझ्या ड्रॉवरमध्ये एक जुना फोन आहे, काच तडकलेली. भाषा मराठी, दोन गूगल खाती, सोळाशे खोटी नावं. त्यात नाव नसलेला नंबर आहे, नंबर नसलेलं नाव आहे, "गॅसवाला नवीन" आणि "गॅसवाला नवीन 2" आहेत, कंसात एसटीडी कोड टाकलेली लँडलाइन आहे, तीन पाटील आहेत. नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात तो मागून नेतात. चार्जर मात्र परत आणून देत नाहीत.