ट्रकच्या दारात कंपोनंट स्पीकर बसवताना
कंपोनंट स्पीकर म्हणजे खर्जाचा वूफर, उंच स्वरांचा छोटा ट्वीटर आणि आवाज त्या दोघांत विभागून देणारा क्रॉसओव्हर असा सुटा संच. अवजड ट्रकची विद्युतव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते, म्हणून १२ व्होल्टचा स्टिरिओ किंवा अँप्लिफायर तिला २४ चे १२ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरशिवाय जोडू नये. बॅटरीची ऋण तार सोडवून मगच दाराचे पॅड उतरवावे.

खरी कसोटी दाराच्या आतील खोलीची आहे. काच पूर्ण खाली घेऊन ती आणि पत्रा यांतील अंतर मोजावे. साडेसहा इंची वूफरचे चुंबक तिथे मावत नसेल, तर प्लॅस्टिकचे किंवा जलरोधक प्लायवूडचे कडे लावून स्पीकर पुढे आणावा, कारण काच एकदा जरी चुंबकावर आदळली तरी दोन्हींचे नुकसान होऊ शकते. पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच, त्यामुळे मूळ प्लॅस्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवावा आणि क्रॉसओव्हर शक्यतो केबिनमध्ये, कोरड्या जागी ठेवावा. बिजागरीजवळून जाणाऱ्या तारा रबरी नळीतूनच न्याव्यात.

ट्वीटर आरशाच्या कोपऱ्यात, कानाच्या उंचीजवळ उत्तम वाजतो. तो क्रॉसओव्हरशिवाय कधीही जोडू नये. जोडणीनंतर खर्ज पोकळ वाटल्यास एका दाराच्या वूफरची धन-ऋण टोके उलटी लागली आहेत का, हे आधी तपासावे.