जळगावहून गाडी भाड्याने करून खानदेश कसा फिरावा

गाडीवाल्याला फोन लावण्याआधी कागदावर किलोमीटर मांडा. इथलं सगळं भाडं त्यावरच ठरतं. बाहेरगावी जायच्या गाडीला बहुतेक जण दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटर धरतात. तुम्ही 180 फिरलात तरी पैसे किमानाचेच. शिवाय मोजणी गाडी मालकाच्या दारातून निघते तिथून सुरू होते आणि ती परत तिथे पोचली की संपते. म्हणून जळगावातून निघायचं असेल तर भुसावळची गाडी सांगू नका, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर फुकटचे पडतात.

आता हिशेब करून पाहू. जळगाव–भुसावळ–रावेर–बऱ्हाणपूर साधारण 100 किलोमीटर, पुढे असीरगड 20. जाऊन-येऊन 240, म्हणजे एका दिवसात बसतं. सातपुड्यातल्या तोरणमाळचं तसं नाही. चोपडा, शिरपूर, शहादा करत एका बाजूचेच 200 च्या वर जातात आणि शेवटी घाट, त्यामुळे मुक्काम आलाच. दिवसाला 300 धरले तर दोन दिवसांचे किमान 600 किलोमीटर लागतात, तुमचे होतात सव्वाचारशे-साडेचारशे. उरलेल्यांचे पैसे तर जाणारच आहेत, मग वाकडी वाट करा. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे, खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांचं बऱ्हाणपूरच्याही आधीचं ठाणं. किल्ल्याचे अवशेष आणि जुन्या कबरी बघायला तासभर पुरतो. शहाद्याजवळ तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. दोन्हीकडे जाऊनही किमान ओलांडत नाही.

ड्रायव्हरसकट घ्यावी की स्वतः चालवावी? माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला ड्रायव्हरसकटच. तोरणमाळचा सातपायरी घाट वळणांचा आहे, मोबाइलची रेंज मध्येच जाते, आणि ‘पुढे रस्ता खराब शे’ (खराब आहे) हे इथला माणूस नकाशाआधी सांगतो. रावेर-सावद्याकडे केळीने भरलेल्या ट्रकच्या रांगा असतात, त्यांना ओलांडायची घाई इथल्या चालकाला नसते. त्याचा भत्ता, रात्रीचं जेवण आणि झोपायची सोय कोणाकडे, हे निघण्याआधीच बोलून घ्या.

स्वतःच चालवायची असेल तर आधी नंबर प्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर ती स्वतः चालवायला भाड्याने देण्याची रीतसर गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी; ओळखीतून स्वस्तात मिळते खरी, पण ती भाड्याने देणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. शे-पाचशे वाचवण्यासाठी हा धोका घेऊ नये.

कागद बघताना लाजू नका. आरसी, विमा, पीयूसी, परमिट. बऱ्हाणपूर खानदेशाची जुनी राजधानी असलं तरी आज मध्य प्रदेशात आहे, त्यामुळे टॅक्सीला दुसऱ्या राज्यातही चालणारं ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का हे स्पष्ट विचारा. नसेल तर तिथला कर किंवा दंड कोण भरणार, तेही. मग टायर, स्टेपनी, जॅक आणि एसी तपासा. मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा ‘एसी जरा कमी मारतो’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. ताब्यात घेताना गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. ओरखडे, इंधनाचा काटा आणि मीटरचा आकडा त्यात आला पाहिजे.

बऱ्हाणपुरात शाही किल्ल्याच्या बाजूच्या गल्ल्या अरुंद आहेत. गाडी बाहेर लावून रिक्षाने जा. मुमताज महल 1631 मध्ये याच शहरात वारली. असीरगड अकबराने 1601 मध्ये घेतला, आणि दख्खनच्या वाटेवर तो का हवा होता, हे वर गेल्यावर कळतं. परतताना मावा जिलेबी आणि दराबा ही तिथली मिठाई बांधून घ्या.

अजिंठा सोमवारी बंद असतो, एवढं लक्षात ठेवा. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे तिथल्या बसने जायचं असतं. स्थानिक 8 तास-80 किलोमीटरच्या पॅकेजात तो बसत नाही, जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास होतात.

पावसाळ्यात चाळीसगावहून पाटणादेवीला नक्की जा. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख तिथलाच. पण पुढे कन्नड घाट चढायचा बेत असेल तर सकाळी घाट चालू असल्याची खात्री करा. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस तिथे मोठ्या दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता.

परत आल्यावर मीटरचा शेवटचा आकडा ड्रायव्हरसमोर लिहून घ्या. टोल फास्टॅगमधून कापला जातो आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर येतो. तो मेसेज बघूनच टोलचे पैसे द्या. डिपॉझिट दिलं असेल तर किल्ली देतानाच मागा, ‘उद्या टाकतो’ म्हणाले तर तसं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.