दोन सारख्याच ट्राय बाईक समोर असतील तर दहा वर्षं वापरायला कुठली घ्यायची

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा ट्रायथलॉन रेसला, नाव घातलं की पुढच्या महिन्याभरात माणूस ट्राय बाईक, म्हणजे ट्रायथलॉनसाठीची खास सायकल, शोधायला लागतो, हे आता ठरलेलंच आहे. २०१९ साली ती रेस मिरामारला पहिल्यांदा झाली आणि तेव्हापासून पुणे, कोल्हापूर, नाशिक, मुंबई इकडची कितीतरी मंडळी या खेळात आली. मला अधूनमधून कुणीतरी दोन सायकलींचे फोटो पाठवतं, दोन्ही कार्बन, दोन्हीला डिस्क ब्रेक, दोन्हीवर १०५ डीआयटू, म्हणजे शिमानोचे इलेक्ट्रॉनिक गिअर, किमतीत तीस-चाळीस हजार इकडे तिकडे, आणि खाली एकच प्रश्न असतो, दादा कुठली घेऊ. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. आपल्यापैकी बहुतेक जण एवढे पैसे आयुष्यात एकदाच घालतात, फारफार तर दोनदा. त्यामुळे आज कुठली फास्ट आहे हे बघण्यापेक्षा सहा-सात वर्षांनी माझं अंग बदललं, एखादा पार्ट तुटला, तर कुठली सायकल मला सांभाळून घेईल हे बघा. कंपन्या सांगतात ४० किलोमीटरला इतके सेकंद वाचतात, पण प्रत्येकीची टेस्ट तिच्या सोयीने केलेली असते, आणि मुळात हवेचा जो अडथळा होतो त्यातला साधारण तीन-चतुर्थांश वाटा आपल्या अंगाचाच असतो. ज्या सायकलवर तुम्ही या रेसमधले ९० किलोमीटर, म्हणजे आपल्यासारख्यांचे तीन तास, डोकं खाली ठेवून कोपर हँडलवरच्या पॅडवर टेकवून बसू शकता तीच तुमच्यासाठी फास्ट.

म्हणून सुरुवात मापापासून करायची आणि मापात एम, एल या अक्षरांवर अजिबात जायचं नाही. एका कंपनीचा एम दुसरीच्या एस एवढा असू शकतो. दोन आकडे बघायचे, स्टॅक आणि रीच. क्रँक जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेडट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि तेवढ्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. पण ट्राय बाईकमध्ये हेही पुरेसं नाही कारण आपण हँडलवर नाही, पॅडवर टेकतो, त्यामुळे खरे आकडे पॅड स्टॅक आणि पॅड रीच. हे घरी मोजता येतात. सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, लावून समोरचं चाक पुस्तकं घालून लेव्हलला आणायचं, गवंड्याचा ओळंबा असतो ना, तो किंवा दोऱ्याला नट बांधून पॅडच्या मागच्या कडेच्या मध्यातून खाली सोडायचा, दोरा स्थिर झाला की तो बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून किती पुढे पडतोय ते टेपने मोजायचं, हा झाला रीच. मग पॅडची जमिनीपासून उंची घ्यायची आणि त्यातून बॉटम ब्रॅकेटची जमिनीपासूनची उंची वजा करायची. समजा पॅड ९३ सेंटीमीटरवर आहे आणि बॉटम ब्रॅकेट २७ वर, तर पॅड स्टॅक झाला ६६. फक्त एक सांभाळा, काही कंपन्या पॅडच्या मागच्या कडेपासून मोजतात आणि काही मध्यापासून, तेव्हा चार्टवरचं चित्र नीट बघूनच तुलना करा.

ज्यांच्याकडे अजून ट्राय बाईकच नाही त्यांनी आधी फिट, म्हणजे अंगाच्या मापाने बसण्याची जुळणी, करून घ्यायचं आणि मग सायकल घ्यायची, उलटं नको. चांगल्या फिट स्टुडिओत सगळीकडून सरकणारी फिट बाईक असते, त्यावर तासभर बसवून ते तुमची सॅडलची उंची, सॅडल किती पुढे हवं आणि पॅडचे हे दोन आकडे काढून देतात. ते पैसे वाया जात नाहीत, तो कागद जपून ठेवा, पुढची कुठलीही सायकल त्याच कागदावरून निवडता येते.

आता दोन्ही सायकलींचा पॅड कुठून कुठपर्यंत सरकतो ते कंपनीच्या चार्टमध्ये बघा आणि तुमचा आकडा त्यात कुठे पडतो ते बघा. मधोमध पडायला हवा, टोकाला नको. माझी पहिली ट्राय बाईक मी नेमकी इथे चुकून घेतली, सेकंडहँड होती, दिसायला सुंदर, आणि माझा फिट पॅड उंच करणारे सगळे स्पेसर लावल्यावर कसाबसा बसत होता. दोन वर्षांनी मानेचा त्रास सुरू झाला, फिजिओने सांगितलं दोन सेंटीमीटर वर या, आणि वर यायला जागाच नव्हती. मान दुखत दुखत एक सीझन काढला आणि मग सायकल विकली. वय वाढतं, मांडीमागचे स्नायू आखडतात, पोट थोडं येतं, ऑफिसात बसून पाठ जाते, हे सगळ्यांचंच होतं, म्हणून वरच्या बाजूला किमान दोन-तीन सेंटीमीटर शिल्लक असलीच पाहिजे. दोन सायकलींपैकी एकीत ही जागा आहे आणि दुसरीत नाही, तर माझ्या दृष्टीने निवड तिथेच संपली, पुढचं काही बघूच नका.

दोन्हीत जागा असेल तर मग पार्टसचं बघायचं. या खेळात एक जुनी गोष्ट आहे. क्विंताना रू या अमेरिकन कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी खास ट्रायथलॉनसाठीची सायकल काढली, सीटट्यूब उभी, सॅडल पुढे, आणि चाकं ६५०सी, म्हणजे नेहमीच्या ७००सी पेक्षा लहान. कल्पना चांगली होती, पुढे बऱ्याच कंपन्यांनी लहान साइजच्या ट्राय बाईकना तीच चाकं दिली. आज त्या फ्रेम अजून ठणठणीत आहेत पण चांगला ६५०सी टायर शोधताना मालकाचा जीव जातो. फ्रेमला काही होत नाही, तिच्याभोवतीचा एखादा छोटा पार्ट बाजारातून जातो आणि सायकल भिंतीला टेकून राहते.

तेव्हा कुठले पार्ट फक्त त्या कंपनीचेच बसतात याची यादी काढा. एरो सीटपोस्ट (सॅडलखालची चपटी नळी) जवळपास सगळ्यांची वेगळी असते, ते चालवून घ्यावं लागतं, पण ती आवळणारा छोटासा वेज सुटा मिळतो का ते विचारा कारण तो चुकीच्या जोराने (टॉर्कने) आवळला की चिरतो. बेसबार, म्हणजे बाहेरचं आडवं हँडल, आणि ते फ्रेमला जोडणारा स्टेम एकत्र असलेला इंटिग्रेटेड कॉकपिट दिसतो छान, पण पॅड एक सेंटीमीटर वर घ्यायला वेगळ्या लांबीचे बोल्ट लागतात, पॅड उंच करणारा वेगळा रायझर लागतो, आणि तो परदेशातून मागवून येईपर्यंत रेस होऊन जाते. ज्या सायकलला साधा गोल स्टीअरर (फोर्कची वर येणारी नळी), साधा स्टेम आणि कुठल्याही कंपनीची गोल एक्स्टेंशन, म्हणजे पॅडपुढचे लांब दांडे, बसतात ती मला दहा वर्षांच्या हिशोबात नेहमी वरचढ वाटते. बॉटम ब्रॅकेटचंही तसंच. ट्रेकच्या नव्या स्पीड कॉन्सेप्टला टी४७ आहे, आटे असलेला, सर्व्हेलोच्या पी-सीरिजला त्यांचा बीबीराइट, प्रेसफिट, म्हणजे आटे नसलेला, दाबून बसवलेला. दोन्ही सायकली उत्तम आहेत, पण पावसाळ्यात रगडून वापरल्यावर कटकट आवाज यायला लागला की आट्यांचा बॉटम ब्रॅकेट कुठलाही मेकॅनिक पान्याने उघडून बसवतो, प्रेसफिटला हात बसलेला माणूस शोधावा लागतो. तुमच्या गावात असा माणूस असेल तर प्रश्न नाही, नसेल तर हा मोठा मुद्दा आहे.

केबल आणि ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) हेडसेटमधून, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या जागेतून, जातात का हे लोक विचारतच नाहीत. जात असतील तर वरचं बेअरिंग बदलायला बहुतेक वेळा ब्रेकचा होज सोडवावा लागतो, परत तेल भरून ब्लीड करावं लागतं, म्हणजे छोट्याशा बेअरिंगसाठी अख्ख्या दिवसाची मजुरी. आणि ते बेअरिंग आपल्याकडे जातंच. आपण घरात पंख्याखाली ट्रेनर मारतो, घाम कोपरावरून ओघळतो, पॅडच्या बोल्टपाशी साचतो आणि तिथून थेट हेडसेटमध्ये उतरतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाची सायकल दोन वर्षांनी उघडली तेव्हा पॅडखालच्या ॲल्युमिनियमवर चुन्यासारखी पांढरी भुकटी जमलेली, बोल्टचं डोकं ॲलन की लावताच भुगा होऊन आलं आणि बेअरिंग हाताने फिरवलं तर वाळू घातल्यासारखं करकरत होतं. सायकल मात्र बाहेरून नवीकोरी. दर ट्रेनर राइडनंतर ओल्या फडक्याने पुसायचं आणि वर्षातून दोनदा पुढचा भाग उघडून ग्रीस करायचं, पण ते करणं ज्या सायकलवर सोपं आहे तीच घ्या ना.

गिअरबाबत थोडक्यात. इलेक्ट्रॉनिक परवडत असेल तर घ्या. साध्या केबलच्या ट्राय बाईकवर शिफ्टर फक्त एक्स्टेंशनच्या टोकाला असतात, त्यामुळे खंबाटकी चढताना बेसबार धरलेला असेल तर प्रत्येक गिअरला हात पुढे न्यावा लागतो, आणि ट्रकच्या गर्दीत ते मला धोक्याचं वाटतं. डीआयटूला दोन्हीकडे बटणं लावता येतात. पण १०५ की त्यावरचा अल्टेग्रा यात जास्त जीव अडकवू नका, काम तेच करतात, फरक मुख्यतः वजनाचा आणि किमतीचा. एकाच फ्रेमची दोन मॉडेल असतील तर खालचं घ्या आणि उरलेल्या पैशांत फिट, चांगले टायर आणि हेल्मेट बसवा. चाकं पुढे कधीही घेता येतात.

टायर किती रुंद बसतो ते मात्र काटेकोरपणे बघा. किमान २८ मिलिमीटर बसलाच पाहिजे. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत, हायवेवर वळणाआधी रंबलर, पुलाच्या जॉइंटला खाच, पावसाळ्यानंतर खडी वर आलेली, आणि पॅडवर टेकून एरोमध्ये असताना हात ब्रेकवर नसतात. जुन्या रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये बऱ्याचदा २३-२५ च्या वर जागा नसते. सेकंडहँड रिम ब्रेकवाली स्वस्तात मिळते, पण तिच्यासाठी नवी कार्बन चाकं मिळणं वर्षागणिक कठीण होत चाललंय, लांबचा विचार असेल तर डिस्कच घ्या. चाकं हुकलेस, म्हणजे टायर अडकवणारी आतली कड नसलेली, असतील तर हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, वजन ८५-९० किलोच्या पुढे असेल तर टायर कंपनीचा चार्ट बघून मगच ठरवा.

पाण्याची सोय. फ्रेमच्या आत टाकी आणि वर नळी असा प्रकार दिसतो भारी, पण ती टाकी आतून धुवायला हात जात नाही, इलेक्ट्रोलाइट घातलेलं पाणी दोन दिवस राहिलं की बुरशी धरते आणि मुंबई-गोव्याच्या दमटपणात तर लगेचच. शिवाय रेसमध्ये एड स्टेशनवर मिळते बाटली, ती चालत्या सायकलवर टाकीत ओतायला सराव लागतो. दोन्ही हातांच्या मध्ये आणि सॅडलमागे साध्या गोल बाटलीचे पिंजरे बसतात का, एवढं बघा.

प्रवासाला नेणार असाल तर दुकानातच सांगा, माझ्यासमोर एकदा बॉक्समध्ये पॅक करून दाखवा. कुठल्या सायकलचा पुढचा भाग चार बोल्टमध्ये उतरतो आणि कुठल्याचा तासभर खातो ते तिथेच कळतं. एका विमानप्रवासात माझ्या सायकलचा हँगर वाकून आला होता, हँगर म्हणजे गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो छोटा तुकडा, रेसच्या आदल्या दिवशी अख्ख्या शहरात तो मिळाला नाही कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. शेवटी हाताने सरळ करून वरचे तीन गिअर न वापरता ९० किलोमीटर मारले. नव्या काही फ्रेमना यूडीएच नावाचा सगळीकडे सारखा हँगर येतो, तुमच्या दोनपैकी एकीला असेल तर तिला एक गुण जास्त द्या.

फ्रेमची वॉरंटी सहसा पहिल्या मालकापुरतीच असते, म्हणून सेकंडहँड घेताना ती धरूच नका आणि परदेशातून नातेवाइकाकडून मागवत असाल तर भारतात क्लेम कोण घेणार हे आधी विचारा. बिल मागा, सीटक्लॅम्पच्या आसपास आणि चेनस्टेवर, म्हणजे चेनशेजारच्या मागच्या नळीवर, टॉर्च मारून केसासारखी रेघ दिसते का बघा, नाण्याने हलकं ठोकून आवाज एकसारखा येतो का ऐका, बद्द आवाज आला तर नाही म्हणा.

एवढं सगळं करून दोघी बरोबरीत राहिल्या तर जी विकणारा माणूस तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि फोन उचलतो, ती घ्या. घेतली की त्याच दिवशी दोन हँगर, सीटपोस्टचा एक वेज, पॅडच्या बोल्टचे दोन सेट आणि एक माप उंच रायझर ऑर्डर करा, मॉडेल चालू असतानाच ते सहज मिळतात. सगळं एका डब्यात घालून वर मॉडेल आणि वर्ष लिहा, आणि तो फिटचा कागद त्याच डब्यात ठेवा.